ब्लास्ट पेशी किती वेगाने वाढतात, आणि तो वेग मोजतात कसा?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)

अ‍ॅक्यूट ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, निदान झालं की पेशंटच्या घरचं कोणीतरी रिपोर्ट हातात धरून विचारतंच, "पेशी किती वेगाने वाढतायत ते यात कुठे लिहिलंय?" मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी एकेक करून तपासणाऱ्या मशीनवर) असतो, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याचदा माझ्याच वाट्याला येतो. खरं उत्तर म्हणजे कुठेच लिहिलेलं नाही. पण काउंटरवर उभं राहून एवढंच सांगितलं तर समोरच्याचं समाधान होत नाही, आणि सविस्तर सांगायला तिथे वेळ नसतो. म्हणून हा धागा.

रिपोर्टात काय असतं बघा. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशींचा काउंट, स्मिअरवर (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) शंभर पेशींत ब्लास्ट, म्हणजे वयात न आलेल्या कोवळ्या पेशी, किती, बोन मॅरोत (हाडातल्या मगजात) ब्लास्ट किती टक्के. शिवाय एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात येणारं एन्झाइम) आणि युरिक अ‍ॅसिड. पहिले तीन आकडे साठ्याचे आहेत, वेगाचे नाहीत. एकाचा काउंट दोन लाख आणि दुसऱ्याचा आठ हजार, म्हणून पहिल्याच्या पेशी जास्त जोरात विभागतायत असं होत नाही. दुसऱ्याच्या पेशी मॅरोतच ठाण मांडून बसलेल्या असतील, रक्तात उतरल्याच नसतील. एलडीएच आणि युरिक अ‍ॅसिड वेगाच्या थोडे जवळ जातात, कारण पेशी भराभर जन्मून भराभर मरत असतील तर त्यांचा गाळ रक्तात येतो. पण एलडीएच यकृताच्या दुखण्यातही वाढतं, आणि नमुना काढताना लाल पेशी फुटल्या तरी वाढतं. त्यावर विसंबून वेग काढायला गेलं तर फसगत ठरलेली.

वेग मोजायचे प्रयत्न मात्र जोरात झाले होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रिशियम जोडलेलं थायमिडीन हाती आलं. थायमिडीन हा डीएनएचा कच्चा माल. पेशी डीएनएची नक्कल करत असेल तेव्हाच ते उचलते. म्हणजे जिच्यात किरणोत्सारी खूण सापडली ती पेशी त्या वेळी विभागणीच्या वाटेवर होती. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत यूजीन क्रोनकाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र रक्तपेशींवर वापरलं, पुढे न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमध्ये बेयार्ड क्लार्कसन यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांवर. कॅन्सरच्या पेशी म्हटल्यावर जिकडेतिकडे खुणाच खुणा दिसणार असं वाटणं साहजिक होतं. दिसलं उलटंच. निरोगी मॅरोतल्या कोवळ्या पेशींच्या मानाने ल्युकेमियाच्या ब्लास्टमध्ये खूण असलेल्या पेशी कितीतरी कमी निघाल्या, बऱ्याच रुग्णांत शंभरात दहाच्या आतबाहेर. बाकीच्या नुसत्या बसून होत्या.

मग मॅरो गच्च भरतो कसा? दादरचा प्लॅटफॉर्म डोळ्यांसमोर आणा. जिन्यावरून माणसं रोजच्याच वेगाने उतरतायत, पण गाडी येत नाहीये. निरोगी पेशी वयात येते, रक्तात जाते, आपलं काम करते आणि ठरल्या वेळी मरते. ब्लास्टच्या बाबतीत ही गाडीच बंद आहे. ती वयातही येत नाही आणि वेळेवर मरतही नाही. गर्दी वाढते ती त्यामुळे.

जाणकारांनी भर घालावी. उपचारांचा सल्ला या धाग्यावर कोणी मागू नये, देऊ नये.

निवृत्त_नारायण

ट्रिशियमचं नाव वाचून बरं वाटलं. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत टेक्निशियन होतो, हे काम हाताने केलेलं आहे.

स्लाइडवर पेशी पसरून झाल्या की अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, कोमट पाण्यात वितळवून ठेवलेल्या फोटो-इमल्शनमध्ये ती सावकाश बुडवायची. घाई केली की बुडबुडे येतात. उभी धरून निथळू द्यायची, वाळली की सिलिका जेलच्या पुडीसकट काळ्या डबीत घालायची, डबीला चिकटपट्टी, आणि डबी फ्रिजमध्ये. मग आठवडा-दोन आठवडे नुसतं थांबायचं. ट्रिशियमचा किरण फार दुबळा, इमल्शनमध्ये मायक्रॉनभर जातो न जातो. पण तेच कामाचं, कारण खूण नेमकी त्याच पेशीच्या केंद्रकावर उमटते, शेजारणीवर नाही. डेव्हलप करून गिम्साचा रंग दिला की जांभळ्या केंद्रकावर काळे दाणे दिसायचे. दाणे ठरावीक संख्येच्या वर असले तर पेशी खुणेची, नाहीतर तो इमल्शनचा आपला कचरा. मग एका हाताने स्टेज सरकवायची आणि दुसऱ्या हाताने काउंटर दाबत बसायचं. डबीत कुठून उजेड शिरला असेल तर सगळी बॅच काळीठिक्कर.

धागाकर्त्यांच्या लेखात एक भर. शंभरात दहा खुणेच्या निघाल्या, हासुद्धा वेग नव्हे. त्या घटकेला दहा पेशी डीएनए करत होत्या, एवढाच त्याचा अर्थ. एका पेशीला ते काम उरकायला किती तास लागतात हे समजल्याशिवाय वेग निघत नाही. आठ तास लागत असतील तर एक उत्तर, वीस लागत असतील तर वेगळंच.

सूक्ष्मदर्शी

नारायणकाका, क्या बात! डबीतल्या सिलिका जेलपर्यंतचा तपशील आता कोण सांगणार.

तासांचा प्रश्न पुढे दोन खुणांनी सुटला. १९८२ मध्ये हॉवर्ड ग्रॅट्झनर यांनी ब्रोमोडीऑक्सियुरिडीनला चिकटणारी अँटीबॉडी तयार केली. हे रसायन थायमिडीनच्या जागी डीएनएत जाऊन बसतं, आणि अँटीबॉडी लावली की रंगाने दिसतं. काळी डबी गेली, आठवड्यांची वाट गेली. बफेलोच्या रॉसवेल पार्कमध्ये अझरा रझा आणि हार्वी प्राइस्लर यांनी रुग्णांना केमोआधी आयोडीनवालं आणि ब्रोमीनवालं अशी दोन्ही रसायनं मागोमाग शिरेतून दिली आणि मग मॅरो काढून पाहिला. जिच्यात फक्त पहिली खूण आहे ती पेशी मधल्या वेळात डीएनए पुरा करून बाहेर पडली. अशा किती, ते मोजलं की डीएनए करायला लागणारे तास निघतात, आणि त्यावरून पूर्ण चक्राचा अंदाज. एएमएलच्या (अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या) रुग्णांमध्ये या आकड्यात प्रचंड तफावत दिसली. कोणाचं चक्र दिवसाच्या आत, कोणाचं कित्येक दिवसांचं. आजाराचं नाव मात्र सगळ्यांचं एकच.

आज हे रोजच्या तपासणीत कोणी करत नाही. आधीच खंगलेल्या रुग्णाच्या डीएनएत परकं रसायन घालायचं, दोनदा मॅरो काढायचा, आणि त्यातून उपचार बदलतीलच असं नाही.

पिंपळपान

वाचनखूण साठवली. माझ्या मावसभावाच्या रिपोर्टवर 'केआय-६७ : ९५%' होतं आणि डॉक्टर त्याच रात्री अ‍ॅडमिट व्हा म्हणाले. हा वेगच नाही का?

डॉ. लालपेशी

केआय-६७ ही १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात योहानेस गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी शोधलेली अँटीबॉडी. पेशी विभागणीच्या चक्रात कुठेही असली तरी हे प्रथिन सापडतं, निवांत बसलेल्या पेशीत सापडत नाही. म्हणजे चक्रात किती आहेत ते कळतं. चक्र किती तासांचं, ते नाही. पण ९५ टक्के हा आकडा पाहून डॉक्टरांनी घाई केली ती योग्यच. बर्किट या कॅन्सरच्या प्रकारात जवळपास सगळ्याच पेशी चक्रात असतात आणि गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होते. तिथे पहिली भीती कॅन्सरपेक्षा त्याच्या मलब्याची असते. केमोचा पहिला डोस बसला की एका झटक्यात इतक्या पेशी फुटतात की पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक अ‍ॅसिड एकदम चढतं, किडनी बसते. म्हणून आधी सलाइन, अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा रॅसब्युरिकेज ही युरिक अ‍ॅसिड उतरवणारी औषधं, आणि दर काही तासांनी रक्त.

प्लॅटफॉर्मचं उदाहरण धरून पुढे सांगतो, गाडी सुरू करता येते याचा पुरावा आहे. एएमएलच्या एपीएल या उपप्रकारात शांघायच्या रुइजिन हॉस्पिटलच्या वांग झेन्यी यांच्या गटाने ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अ‍ॅसिड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातली गोळी, दिली आणि १९८८ मध्ये २४ रुग्णांचा अनुभव छापला. ब्लास्ट सरसकट मारल्या गेल्या नाहीत, त्या वयात आल्या आणि आपल्या मरणाने गेल्या. मॅरो रिकामा न पडता रेमिशन मिळालं, म्हणजे आजार तपासणीत दिसेनासा झाला. नुसता वेग हाच दोष असता तर हे घडलं नसतं.

चक्रवाढ

मला आकड्यांत रस, म्हणून हिशेब मांडतो, तपासून सांगा. निदानाच्या वेळी अंगात साधारण एक लाख कोटी ल्युकेमिया पेशी असतात, वजन किलोभर, असं वाचलं. २ चा ४० वा घात १.१ लाख कोटी येतो. म्हणजे एका पेशीपासून ४० दुपटी. त्यातल्या ३० दुपटी झाल्या तरी पेशी १०७ कोटी, वजन जेमतेम ग्रॅमभर. कोणाला पत्ताही लागणार नाही. सगळा गोंधळ शेवटच्या दहा दुपटींत. दुप्पट व्हायला चार दिवस धरले तर ४० गुणिले ४, १६० दिवस. मग आजार पाच-साडेपाच महिन्यांपूर्वी सुरू झाला म्हणायचं का?

डॉ. लालपेशी

गुणाकार बरोबर, पण निष्कर्ष निघत नाही. चाळीसही दुपटी एकाच वेगाने होत नाहीत, आणि जन्मणाऱ्या प्रत्येक पेशीमागे काही मरत असतात. शिवाय पहिली पेशी कोणती म्हणायची?

मेल ग्रीव्ह्ज यांच्या लंडनच्या गटाने यावर फार सुंदर काम केलं. परदेशात नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब कागदावर घेऊन तपासतात, आणि ते वाळलेले कागद वर्षानुवर्षं ठेवतात. ज्या मुलांना पुढे ल्युकेमिया झाला त्यांचे कागद काढून डीएनए पाहिला. १९९७ मध्ये तान्ह्या बाळांच्या ल्युकेमियातली जनुकांची चुकीची जोडणी त्या थेंबात सापडली, आणि १९९९ मध्ये थोड्या मोठ्या मुलांच्या एएलएलमधली (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातली) टेल-एएमएल१ ही जोडणीही. म्हणजे खूण जन्माआधीची आणि आजार काही वर्षांनी. तीच जोडणी घेऊन जन्मलेल्या बहुतेक मुलांना ल्युकेमिया कधीच होत नाही. मधे आणखी बिघाड व्हावे लागतात. तेव्हा मागे मोजत जाऊन तारीख काढता येत नाही. "सहा महिने आधी रक्त तपासलं असतं तर" असं म्हणत बसलेले आईबाप मी पाहतो, त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

तुमचा हिशेब पुढच्या दिशेने मात्र भलताच उपयोगी आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये हॉवर्ड स्किपर यांनी १९६० च्या दशकात उंदरांच्या एल१२१० ल्युकेमियावर तो करून दाखवला. त्या पेशी साधारण अर्ध्या दिवसात दुप्पट होतात, आणि एकच जिवंत पेशी टोचली तरी उंदीर मरू शकतो. त्यांना आढळलं की औषधाचा एक डोस ठरावीक संख्येने पेशी मारत नाही, ठरावीक हिश्श्याने मारतो. हजारात ९९९ मारणारं औषध लाख कोटींचे १०० कोटी करील, आणि १०० कोटींचे १० लाख. आता तुमचे चार दिवस घ्या. पहिल्या फेरीनंतर १०० कोटी उरल्या, स्मिअर स्वच्छ, मूल खेळायला लागलं, आणि आपण थांबलो. दहा दुपटी, ४० दिवस, पुन्हा जैसे थे.

१९४८ मध्ये बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अ‍ॅमिनोप्टेरिन दिलं तेव्हा नेमकं हेच झालं. १६ मुलांपैकी १० जणांत सुधारणा दिसली, आणि ती टिकली नाही. (ते औषध लेडर्ले या औषध कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली तयार झालं होतं, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असतं.) एएलएलचे उपचार मूल ठणठणीत दिसत असतानाही दोन-अडीच वर्षं का चालतात, याचं मूळ या हिशेबात आहे.

बेधडक

एवढं सगळं मोजण्यापेक्षा साखर बंद करा. कॅन्सरच्या पेशी साखरेवर वाढतात हे जगजाहीर आहे. पेशी उपाशी मरतील.

डॉ. लालपेशी

अंगातली प्रत्येक पेशी साखर वापरते. खाण्यातली साखर बंद केली तरी यकृत रक्तातली पातळी राखतंच. उपाशी पेशी मरत नाही, केमोवरचं मूल मात्र खंगतं.

संपादक

आहारावर वेगळा धागा आहे, तिकडे बोलावे. इथले पुढचे अवांतर उडवले जाईल.

ह्यूस्टनकर

मी पीएचडीसाठी इथे रोज हेच करते, म्हणून प्रयोगशाळेची बाजू. "अमुक औषधाने ल्युकेमियाची वाढ ७० टक्के रोखली" अशी बातमी आली की ते मोजलं कसं हे आधी बघा. बहुतेक वेळा ती एमटीटी असते. १९८३ ची पद्धत. पिवळं रसायन घालायचं, जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मशीन जांभळा रंग मोजतं. यात मोजला जातो पेशींचा चयापचय, विभागणी नाही. पेशी जिवंत आहेत पण मंद पडल्यात, तरी रंग फिका येतो आणि पेपरात "वाढ रोखली" छापून येतं. माझा या पद्धतीवर राग आहे, पण स्वस्त आहे, ९६ खणांच्या प्लेटवर सकाळी लावली की संध्याकाळपर्यंत ग्राफ तयार, त्यामुळे ती काही जात नाही.

मला अजूनही न्यूबाउर चेंबर आवडतो. काचेवर कोरलेले मिलिमीटरभराचे चौकोन, खोली ०.१ मिलिमीटर. पेशींत ट्रायपॅन ब्लू घालायचा. मेलेल्या पेशींत निळं शिरतं, जिवंत चकचकीत दिसतात. डावीकडच्या आणि वरच्या रेघेवर बसलेली पेशी धरायची, उजवीकडची आणि खालची सोडायची, म्हणजे एकच पेशी दोनदा मोजली जात नाही. एका मोठ्या चौकोनाची सरासरी गुणिले दहा हजार, म्हणजे एक मिलिलिटरमधल्या पेशी. रंग घालताना जेवढ्या पट पातळ केलं तेवढ्याने पुन्हा गुणायचं. आज मोजा, उद्या मोजा, दुप्पट व्हायला किती तास लागले ते समोर दिसतं. कोणत्या पिढीतली पेशी हे पाहायचं असेल तर सीएफएसई. हा रंग पेशी सुरुवातीला पोटात घेते आणि प्रत्येक विभागणीला दोन लेकींत निम्मा निम्मा वाटते. फ्लोवर एकापुढे एक शिखरं दिसतात. उजवीकडचं न विभागलेल्यांचं, डावीकडे एकदा, दोनदा, तीनदा.

मुख्य अडचण वेगळीच. एचएल-६० ही १९७७ मध्ये जगापुढे आलेली पेशींची ओळ, म्हणजे एका रुग्णापासून घेऊन प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी, डिशमध्ये दीड-दोन दिवसांत दुप्पट होते, कायमची. रुग्णाच्या ताज्या ब्लास्ट डिशमध्ये घातल्या तर वाढीचे घटक घालूनही बऱ्याचदा काही दिवसांत मरतात. ज्या जगल्या त्यांच्यावर आम्ही पेपर लिहितो.

निवृत्त_नारायण

शेवटचं वाक्य खरं बोललीस, मुली.

चक्रवाढ

एक शंका राहिली. बहुतेक ब्लास्ट बसून असतात आणि केमो विभागणाऱ्या पेशींना पकडतं म्हणतात, मग बसलेल्या पेशी मरतात कशा?

डॉ. लालपेशी

अडचण तीच आहे. सायटाराबिन हे केमोचं औषध डीएनए तयार होत असतानाच मारतं, आणि शरीरातून झपाट्याने जातं. एकदम टोचून थांबलो तर त्या तासाभरात डीएनए करणाऱ्या तेवढ्या मरणार. म्हणून एएमएलमध्ये ते सात दिवस, चोवीस तास ठिबकत ठेवतात, म्हणजे आज बसलेली पेशी परवा उठली तरी औषध हजर. जोडीला पहिले तीन दिवस डॉनोरुबिसिन. हेच ते '७+३', १९७० च्या दशकापासून चालत आलेलं. बसलेल्यांना मुद्दाम उठवून मग मारायचा प्रयत्नही झाला, केमोसोबत जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशींना वाढायला लावणारं औषध) देऊन. निकाल संमिश्र. फार खोल झोपलेल्या पेशींवर टोरांटोच्या जॉन डिक यांनी १९९० च्या दशकात काम केलं. सगळ्या ब्लास्ट सारख्या नाहीत, उंदरात नवा ल्युकेमिया उभा करू शकणाऱ्या अगदी थोड्या, आणि त्यांतल्या बऱ्याच निवांत. थायमिडीनच्या स्लाइडवर ज्या कोऱ्या दिसत होत्या त्यांत या असणार.

कोल्हापूरची_आई

सगळं वाचतेय, थोडं डोक्यावरून जातंय. माझा मुलगा सहा वर्षांचा, बी-एएलएल. महिन्याची इंडक्शन (केमोचा पहिला टप्पा) झाली. मॅरोच्या रिपोर्टात ब्लास्ट ३ टक्के, 'रेमिशन' लिहिलंय. खाली दुसऱ्या पानावर एमआरडी पॉझिटिव्ह ०.४ टक्के. डॉक्टर म्हणाले औषधं थोडी वाढवावी लागतील. सल्ला नको, फक्त एकाच मॅरोचे दोन आकडे कसे, ते समजावून सांगाल का?

सूक्ष्मदर्शी

ताई, दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजलेला. केमोनंतर मॅरो पुन्हा उगवायला लागतो तेव्हा निरोगी कोवळ्या पेशीही ब्लास्टसारख्याच दिसतात, त्यामुळे पाच टक्क्यांच्या खाली डोळ्याला चांगली-वाईट वेगळी करता येत नाही. ते ३ टक्के दोन्ही मिळून आहेत.

दुसरा आकडा, एमआरडी म्हणजे उपचारानंतर उरलेला आजार, फ्लोचा. तिथे प्रत्येक पेशीवर सीडी१९, सीडी१०, सीडी३४, सीडी४५ अशा खुणा किती हे एकाच वेळी दिसतं. निरोगी पेशी वयात येताना या खुणा ठरलेल्या क्रमाने कमी-जास्त होतात, पडद्यावर त्यांची एक वाट दिसते. ल्युकेमियाच्या पेशी त्या वाटेबाहेर कोपऱ्यात घोळका करून बसतात. आम्ही निदान पाच लाख पेशी मशीनमधून सोडतो. दहा हजारात एक असली, म्हणजे ०.०१ टक्का, तर पाच लाखांत ५० ठिपके. एवढा घोळका ओळखता येतो. पाच-दहाच ठिपके असले तर आम्हीही दोनदा विचार करतो. तुमच्या बाळाचे ०.४ टक्के हे त्या रेषेच्या बरेच वर आहेत, म्हणून डॉक्टरांनी दखल घेतली.

डॉ. लालपेशी

ताई, एक गोष्ट जोडतो. या धाग्यावर आम्ही वाढीच्या वेगावर बरंच बोललो, पण आज दवाखान्यात खरं वजन घटीच्या वेगाला आहे. सगळ्यांची सुरुवात लाख कोटीच्या आसपास. महिन्याभराच्या त्याच औषधांनी कोण कुठे पोचलं यावरून पुढचं ठरतं. भारतातल्या मुलांच्या एएलएलसाठी अनेक केंद्रांनी मिळून आखलेल्या उपचारपद्धतीतही इंडक्शनच्या शेवटचा एमआरडी पाहून औषधांची तीव्रता ठरते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये टाटाची लॅब हे काम वर्षानुवर्षं करतेय.

आणि घट मोजायला दर वेळी महागडं मशीन लागतंच असं नाही. जर्मन बीएफएम गटाची जुनी युक्ती अजून चालते. पहिले सात दिवस मुख्यतः स्टेरॉइड द्यायचं आणि आठव्या दिवशी बोटाच्या रक्ताचा साधा स्मिअर काढायचा. एका मायक्रोलिटरमध्ये ब्लास्ट हजाराच्या खाली आल्या तर प्रतिसाद चांगला, हजार किंवा वर राहिल्या तर धोका जास्त. सीबीसी, काचपट्टी आणि अनुभवी डोळा, बस. तालुक्याच्या ठिकाणीही होण्यासारखं.

ह्यूस्टनकर

घटीचं पटलं, पण वाढीचा खराखुरा वेगही आता रुग्णांत मोजला गेलाय, परतणाऱ्या आजारात. रेमिशननंतर पीसीआरने (जनुकांच्या प्रती वाढवून मोजायच्या पद्धतीने) ठरावीक जनुकांच्या प्रती मोजत राहिलं तर आजार परत यायच्या आधी आकडा चढायला लागतो, आणि दोन नमुन्यांतल्या चढावरून दुप्पट व्हायचा काळ निघतो. डेन्मार्कच्या ऑर्हुसमधल्या गटाचा २०१० चा पेपर आहे. सीबीएफबी-एमवायएच११ जोडणी असलेल्या एएमएलमध्ये दुप्पट व्हायला पाच आठवड्यांच्या आसपास, एनपीएम१ किंवा पीएमएल-रारा हे जनुकांतले बिघाड असलेल्यांत साधारण दोन आठवडे. म्हणून प्रत्येकाचं रक्त किती दिवसांनी तपासायचं हे वेगवेगळं असायला हवं. सगळ्यांना सरसकट तीन महिन्यांनी बोलावलं तर दोन आठवड्यांवाला मधल्या वेळात सहा दुपटी मारून मोकळा.

चक्रवाढ

६४ पट. झोप उडवणारा आकडा.

कोल्हापूरची_आई

खूप आभार सगळ्यांचे, आता नीट कळलं. अजून एकच. आमच्या ओळखीतल्यांनी सांगितलं म्हणून त्याच मॅरोचा उरलेला नमुना दुसऱ्या लॅबला पाठवला होता. तिथून ०.१५ टक्के आलं. आता कुठलं खरं धरायचं?

सूक्ष्मदर्शी

ताई, तीन गोष्टी बघा. सुईतून पहिल्यांदा ओढलेला मिलिलिटर-दोन मिलिलिटर मॅरो खरा दाट असतो. नंतर ओढलं की त्यात रक्त मिसळत जातं आणि एमआरडी खोटा कमी येतो. दुसऱ्या लॅबला 'उरलेला' गेला म्हणताय, तर तो बहुधा नंतरचा असेल. दुसरं, नमुना किती तासांनी पोचला? शनिवारी काढलेला सोमवारी मशीनवर गेला तर मधे बऱ्याच पेशी मेलेल्या असतात. तिसरं सगळ्यांच्या नजरेतून सुटतं, ते म्हणजे भाजक. काही लॅब सगळ्या केंद्रकवाल्या पेशींत टक्के काढतात, काही फक्त एककेंद्रकी पेशींत. घोळका तेवढाच असला तरी भाजक बदलला की टक्के बदलतात. रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात तपासलेल्या एकूण पेशी आणि भाजक दिलेला असतो, तो दोन्हीकडचा बघा.

डॉ. लालपेशी

आणि दोन्ही आकडे ०.०१ च्या वरच आहेत, त्यामुळे डॉक्टरांच्या निर्णयात फरक पडेल असं वाटत नाही. दोन्ही रिपोर्ट त्यांना दाखवा. पुढचा मॅरो काढायच्या दिवशी पहिला ओढलेला भाग एमआरडीच्या ट्यूबमध्ये घालायला आधीच सांगून ठेवा, आणि तो पहिल्याच लॅबला द्या, म्हणजे ०.४ शी तुलना करता येईल.